काखेत कॅमेरा, लडाखला वळसा

अ‍ॅक्शन कॅमेऱ्याविरुद्ध माझी तक्रार एकच आहे. तो उशिरा चालू होतो. वसई पूर्वेच्या एव्हरशाईन सिटीतून रविवारी पहाटे मोटारसायकलींचे जे जथे निघतात, त्यांतल्या बऱ्याच हेल्मेटांच्या हनुवटीवर हा मुठीत मावणारा कॅमेरा बसवलेला असतो. काहींच्या छातीवर असतो, काहींच्या हँडलवर. गुडघ्याला पॅड, कोपराला पॅड, अंगात चिलखती जाकीट. गडावर चालून जाणाऱ्या मावळ्यालाही इतका जामानिमा लाभला नसेल. पण सोसायटीच्या गेटमधून बाहेर पडताना कॅमेरा झोपलेला असतो. गोखिवरे झोपेत जातं, रेंज ऑफिस झोपेत जातं, सातिवली झोपेत जाते. वसई फाटा येतो, महामार्ग दिसतो, मग हातमोज्यातलं बोट वर जातं, बारीकसा ‘टुंग’ होतो आणि ‘तर मित्रांनो’ या मंगलाचरणाने चित्रीकरण सुरू होतं. गाडीचा खरा कस लागला तो भाग तोवर संपलेला असतो. पुढे उरतो तो सरळ रस्ता, डोंगर, ढग आणि मिसळ. माझं म्हणणं असं, की हा क्रम बरोबर उलटा हवा. कॅमेरा गेटवर चालू करावा आणि फाट्यावर बंद करावा. हे ऐकून रायडर मंडळी हेल्मेटच्या आत हसतील याची मला कल्पना आहे, पण हसण्याआधी त्यांनी पुरावे ऐकून घ्यावेत.

पहिला पुरावा या यंत्राच्या जन्मकथेतच आहे. निक वुडमन नावाच्या एका अमेरिकन तरुणाला लाटांवर स्वार होण्याचा नाद होता. लाटेवर उभं असताना स्वतःचा फोटो काढायला हात मोकळा नसतो, म्हणून कॅमेरा मनगटाला बांधायची युक्ती त्याला सुचली. २००२ साली त्याने कंपनी काढली आणि २००४ साली गोप्रोचा पहिला कॅमेरा बाजारात आला. त्यात चक्क फिल्मचा रोल घालावा लागे आणि व्हिडिओचं नावही नव्हतं. २००६ च्या डिजिटल कॅमेऱ्यात व्हिडिओ आला, तोही दहा सेकंदांचा. म्हणजे मूळ कल्पना साधी होती: दोन्ही हात गुंतलेले आहेत, पुढच्या क्षणी काय होईल याचा भरवसा नाही आणि घडलं ते पुन्हा घडायचं नाही, अशा वेळी कामी येणारा कॅमेरा. आता ही तिन्ही कलमं घेऊन संध्याकाळी सात वाजता वसई रोड स्टेशनपासून एव्हरशाईन सिटीपर्यंतच्या प्रवासाला लावून पाहा. दोन्ही हात गुंतलेले असतात. एक क्लचवर, दुसरा ब्रेकवर, आणि हॉर्नसाठी अंगठा वेगळा राखून ठेवलेला. पुढच्या क्षणाचा भरवसा तर ब्रह्मदेवालाही नाही, कारण फुटपाथवर कुणी नुसतं बोट वर केलं तरी पुढची शेअर रिक्षा जागच्या जागी समाधी घेते. उलट्या दिशेने येणारा गृहस्थ आपल्याकडेच रागाने पाहतो. रस्त्याच्या पातळीशी वैर धरलेलं गटाराचं झाकण कधी वर असतं, कधी खाली. लाटेवरच्या माणसाला निदान लाट कुठून येणार हे माहीत असतं. आमच्या नाक्यावर ती चारही बाजूंनी येते आणि एखादी मागूनही येते. तेव्हा ‘अ‍ॅक्शन’ या शब्दाचा मान कुणाला द्यायचा, हे निष्पक्ष माणसाने ठरवावं.

दुसरा पुरावा मागणी आणि पुरवठ्याचा आहे. लडाखच्या रस्त्यांचं चित्रीकरण आता इतकं झालं आहे, की खारदुंग ला उद्या पुसला गेला, तरी इंटरनेटवरच्या साठ्यातून वळणासह पुन्हा उभा करता येईल. तो पुरला नाही म्हणून मंडळी १९,०२४ फुटांवरच्या उमलिंग लापर्यंत जाऊन आली. प्रत्येक चित्रफितीत त्याच पताका, तोच सीमा सडक संघटनेचा पिवळा फलक, तीच वाफाळती मॅगी आणि ‘शब्दच नाहीत’ असं म्हणून पुढे पंधरा मिनिटं चाललेलं निवेदन. यात वाईट काही नाही, पण नवंही काही नाही. हिमालय दहा वर्षांनी गेलात तरी साधारण जागेवरच सापडतो. नोंदीची किंमत दोन गोष्टींवर ठरते: नोंदलेली वस्तू उद्या तशीच राहणार आहे का, आणि ती दुसऱ्या कुणी नोंदली आहे का. या कसोटीवर डोंगर नापास होतो आणि रेंज ऑफिसचा नाका पहिल्या वर्गात उत्तीर्ण होतो. हे आपल्या पूर्वजांना कळत होतं. सावेदादा म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कॅमेरा उभा केला, तो एक कुस्ती टिपण्यासाठी. फिल्म धुवायला विलायतेला पाठवावी लागे, इतकी ती महागाची चैन होती. तरीही त्यांनी ताजमहाल गाठला नाही. शहरात माणसं काय करताहेत तेच टिपलं, आणि आज भारतीय चलच्चित्राचा इतिहास त्यांच्या नावापासून सुरू होतो. कुस्ती आमच्याकडेही आहे. ती रोज संध्याकाळी रिक्षा स्टँडपुढे निकाली होते, आणि टिपायला कुणी नसतं.

शिवाय हा भाग किती वेगाने बदलतो ते पाहा. १९९० मध्ये वसई-विरार पट्ट्याचं नियोजन सिडकोकडे गेलं. भातखाचरं आणि मिठागरं यांच्या अधेमधे इमारती उगवू लागल्या, आणि मग इमारतींच्या अधेमधे भातखाचरं शोधावी लागू लागली. ३ जुलै २००९ रोजी महापालिका झाली. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला, म्हणजे माणूस घरात पाट मांडून जेवायला बसला होता तो ठाणे जिल्ह्यात आणि हात धुवायला उठला तो पालघर जिल्ह्यात. २०२० मध्ये पोलीस आयुक्तालय आलं, २०२४ मध्ये भाईंदरहून वसई किल्ल्याच्या बाजूला मोटारसायकल चढवून आणणारी रो-रो बोट आली. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, तेव्हापासून पुढची अडीचशे वर्षं इथे जेवढं बदललं नसेल तेवढं पुढच्या पस्तीस वर्षांत बदललं. तरी १९८५ साली स्टेशनवरून गोखिवऱ्याला जाणारा रस्ता नेमका कसा दिसत होता, हे दाखवणारी सलग पाच मिनिटांची फीत पाहायची म्हटली तर कुणाच्या दारात जायचं? त्या काळी व्हिडिओ कॅमेरे नव्हते असं नाही. होते, पण ते लग्नात नवरीच्या हातावरची मेंदी टिपण्यात गुंतलेले होते. आज आपण नेमकं तेच करतो आहोत. फक्त मेंदीच्या जागी माळशेज घाट आला आहे.

इथे एक जुना आणि वजनदार आक्षेप येतो. कशाला हवा कॅमेरा, माणसाला स्मरणशक्ती दिली आहे ती कशासाठी? या पक्षाचा वकील म्हणून वरसईच्या विष्णुभट गोडसे यांना उभं करता येईल. गोडसे भटजी १८५७ साली दक्षिणेच्या आशेने उत्तरेला गेले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला, लुटले गेले, पायी परत आले. हे सगळं त्यांनी लिहिलं ते सुमारे पंचवीस वर्षांनी, आठवणीवर विसंबून, आणि ‘माझा प्रवास’ छापून निघालं ते १९०७ साली. त्यांच्या हनुवटीवर काही बांधलेलं नव्हतं, तरी पुस्तक अजून वाचलं जातं. उलट ज्यांच्या हनुवटीवर आहे, त्यांची गेल्या महिन्याची फीत त्यांनी स्वतःदेखील पुन्हा पाहिलेली नसते. आक्षेप बिनतोड आहे आणि मी तो मान्य करतो. पण तो लागू कुणाला होतो? झाशीला जाणाऱ्याला. असाधारण प्रसंग माणसाच्या डोक्यात आपोआप कोरला जातो, त्याला कॅमेऱ्याची गरज कमीच. विसरलं जातं ते रोजचं. बुधवारी आपण स्टेशनला कसे पोचलो हे गुरुवारी सांगता येत नाही. कोपऱ्यावरचं गॅरेज जाऊन मोबाइलचं दुकान कधी आलं आणि ते जाऊन मोमोजची गाडी कधी लागली, यावर एकाच घरात तीन मतं असतात. तेव्हा लडाख गोडसे भटजींच्या पद्धतीने आठवावं आणि आचोळे रस्ता यंत्राकडे सोपवावा, ही वाटणी मला न्याय्य वाटते.

आता कॅमेऱ्याची उलटतपासणी घ्यायला हवी, कारण साक्षीदार म्हणून त्याला उभा करायचं तर त्याचं चारित्र्य तपासणं आलं. पहिली खोट त्याच्या गुणातच आहे. गेल्या काही वर्षांतले हे कॅमेरे हादरे पुसून टाकतात. २०१८ मध्ये गोप्रोच्या सातव्या आवृत्तीने यात मोठी मजल मारली आणि मग सगळ्यांनीच ती विद्या उचलली. आतली जायरोस्कोप नावाची चकती नसलेली भिंगरी कॅमेरा किती आणि कुठे हलला ते मोजते. चित्राच्या कडेची थोडी पट्टी राखीव ठेवलेली असते. हादरा बसला की चित्र तेवढंच उलट दिशेला सरकवून कापलं जातं. परिणाम असा, की ज्या रस्त्यावरून घरी आल्यावर कंबरेला मलम चोळावं लागलं, तोच रस्ता पडद्यावर एखाद्या विमानतळाच्या धावपट्टीइतका सालस दिसतो. सासरी गेलेल्या मुलीने माहेरी लिहिलेल्या पत्रासारखं हे चित्रण असतं: सगळं ठीक आहे, काळजी नसावी. रस्ता बांधणाऱ्या ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने असे कॅमेरे वाटले पाहिजेत. मात्र गंमत अशी, की खोटं बोलतं ते फक्त चित्र. हादऱ्यांची मोजणी बऱ्याच कॅमेऱ्यांत त्याच फाइलच्या पोटात जपून ठेवलेली असते, काहींत जीपीएसच्या ठिकाणासह. सभ्य चेहरा आणि पोटात सगळ्या तक्रारी, हे आपल्या ओळखीचंच व्यक्तिमत्त्व आहे. उपाय सोपा आहे. घाटात स्थिरीकरण चालू ठेवा, एव्हरशाईनमध्ये बंद करा. प्रेक्षकाला मळमळलं तर तीच खरी बातमी.

दुसरी खोट भिंगाची. अ‍ॅक्शन कॅमेऱ्याचं भिंग रुंद कोनाचं असतं, त्यामुळे पुढ्यातली वस्तू आहे त्याहून लांब दिसते आणि कडेच्या वस्तू सुसाट मागे पळताना दिसतात. म्हणून ताशी पस्तीसचा वेग पडद्यावर सत्तरचा वाटतो, आणि आपल्या आरशाला चाटून गेलेली रिक्षा मात्र सभ्य अंतर राखून गेल्यासारखी दिसते. खड्ड्याची खोली तर कळतच नाही. पाणी भरलं की तो आरसाच होतो आणि त्यात एव्हरशाईनच्या इमारती फार सुरेख दिसतात. तिसरी खोट मला सगळ्यांत बोलकी वाटते. हे यंत्र चालत्या गाडीवरच्या वाऱ्याने थंड राहतं. गाडी थांबली, ऊन लागलं, की ते तापतं आणि स्वतःहून बंद पडतं. म्हणजे ज्याने ते घडवलं, त्याने ‘मोटारसायकल पुढे जाते’ हे गृहीत धरलं होतं. घोडबंदर ते वसई फाटा या पट्ट्यातला महामार्ग त्याला कुणी दाखवलाच नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये याच महामार्गावर वसईजवळ सहलीहून परतणाऱ्या शाळकरी मुलांच्या बसगाड्या तासन्‌तास कोंडीत अडकल्या होत्या. तिथे कॅमेराच काय, माणूसही तापून बंद पडतो. पाण्याचंही तसंच. यांतले अनेक कॅमेरे दहा मीटर खोल पाण्यात चालतात. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेलं आणि रेल्वे थांबली, तसं पुन्हा झालं तर गाडी पहिल्या फुटात मान टाकेल, स्वार दुसऱ्या फुटात, आणि कॅमेरा तेवढा शांतपणे सगळं टिपत राहील. साक्षीदाराचा हा गुण मात्र दुर्मीळ आहे.

इतक्या खोटा असूनही हा साक्षीदार हवाच, कारण प्रश्न आता पैशांचा झाला आहे. ऑक्टोबर २०२५ मध्येच मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, की खड्ड्यामुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना ५० हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई द्यावी. भरपाई मागायची तर खड्डा होता हे दाखवावं लागणार, आणि खड्ड्याचा स्वभाव असा, की एरवी वर्षभर ठाण मांडून बसलेला हा प्राणी पाहणी पथक यायच्या आदल्या रात्री पेव्हर ब्लॉक पांघरून झोपी जातो. अशा वेळी तारीख-वेळेसह चित्रण हाती असणं बरं. अर्थात कॅमेरा दाखवला आणि खटला जिंकला इतकं ते सोपं नाही. कॅमेऱ्यालाही दाखला लागतो, आणि हे देशाला कळलं ते आपल्या जालन्यामुळे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकरांचा अर्ज मुदतीनंतर स्वीकारला गेला, असा कैलास गोरंट्याल यांचा दावा होता आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. २०२० मध्ये निकाल लागला, की इलेक्ट्रॉनिक नोंदीची नक्कल द्यायची तर कायद्याने सांगितलेलं प्रमाणपत्र जोडायलाच हवं. मूळ यंत्राचा मालक यंत्र घेऊन स्वतः साक्षीला उभा राहिला तर गोष्ट वेगळी. आता जुन्या पुरावा कायद्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही प्रमाणपत्राची अट कायम आहे. तेव्हा मूळ कार्ड पुसू नये, फीत कापून तिला गाणं लावू नये. न्यायमूर्तींना पार्श्वसंगीत लागत नाही.

सगळ्यांत गंभीर आक्षेप पुढे आहे. कॅमेरा लावला की माणूस नट होतो, आणि मोटारसायकलवरचा नट स्वतःला आणि इतरांना मारतो. हे खरं आहे, आणि यात विनोद करण्यासारखं काही नाही. मे २०२३ मध्ये यमुना द्रुतगती मार्गावर एका तरुण मोटोव्लॉगरचा अफाट वेगातल्या सुपरबाइकवर मृत्यू झाला. त्याच वर्षी तमिळनाडूत पुढचं चाक उचलताना पडलेल्या एका लोकप्रिय मोटोव्लॉगरचा वाहन परवाना दहा वर्षांसाठी गेला. केरळच्या मोटार वाहन विभागाने तर २०२२ मध्ये हेल्मेटवर कॅमेरा लावायलाच मनाई केली. पण या प्रत्येक घटनेत मोकळा रस्ता आणि टाळ्या वाजवणारा प्रेक्षक, या दोन गोष्टी होत्या. मी सुचवतो त्या जागेत दोन्हींचा पूर्ण अभाव आहे. मेथीच्या जुड्या, पाणीपुरीची गाडी आणि शाळेतून सुटलेली पोरं यांच्यामधून पुढचं चाक उचलण्याची बुद्धी कुणाला होणार, आणि झाली तर पाहायला सोसायटीच्या चेअरमनखेरीज कोण असणार? रोजच्या रस्त्यावरचा कॅमेरा नट घडवत नाही, उलट माजलेल्याला खाली आणतो. कारण तो समोरच्याइतकीच आपलीही साक्ष काढतो. रिक्षावाल्याने कट मारला हे त्यात दिसतं, तसं आपण वळसा वाचवायला उलट्या बाजूने शिरलो हेही दिसतं. नाचता येईना अंगण वाकडं, या म्हणीतला वाद कॅमेरा कायमचा मिटवतो. इथे अंगण खरोखर वाकडं आहे, आणि आपल्यालाही नाचता येत नाही.

खासगीपणाचं काय, असंही विचारलं जाईल, आणि विचारायलाच हवं. रस्त्यावरच्या माणसाने आपल्या चित्रणाला संमती दिलेली नसते. कार्यालयात आजारपणाची रजा टाकून भर दुपारी भाजी घेणारा सद्‌गृहस्थ, घरी क्लासला सांगून नाक्यावर कुणाशी तरी गप्पा मारणारी मुलगी, मधुमेह असताना जिलेबीच्या दुकानापुढे उभे असलेले आजोबा, या सगळ्यांची अब्रू आपल्या हनुवटीवर लटकलेली असते. पण टिपणं वेगळं आणि वाटणं वेगळं. घरात ठेवलेली फीत कुणाचंच काही बिघडवत नाही. ती चव्हाट्यावर मांडली, की बिघडतं. म्हणून रोजच्या रस्त्याचं चित्रण मुळात प्रसिद्ध करायचंच नाही, असा माझा आग्रह आहे. करायचंच झालं तर चेहरे आणि नंबरप्लेट धूसर कराव्यात. भांडण झालं तर मागचं-पुढचं कापून ‘बघा हा कसा’ म्हणून कुणाला जगापुढे उभं करू नये. फीत पोलिसांना द्यावी. लाइक मिळणार नाहीत, पण एव्हरशाईन सिटीत राहणाऱ्या माणसाला उद्या त्याच रिक्षात बसायचं असतं, हा व्यावहारिक मुद्दा आहेच.

उरला शेवटचा आक्षेप: पाहणार कोण आणि साठवणार कुठे? पाहणार कोण याचं उत्तर, आज कुणीही नाही. साठवण्याचं गणित मात्र मांडून दाखवतो. फोर-के दर्जाचं चित्रण सेकंदाला साधारण १०० मेगाबिट खातं, म्हणजे तासाला ४५ जीबी. लडाखची पंधरा दिवसांची मोहीम घरी आणायची तर हार्डडिस्क विकत घ्यायला पतपेढीचं कर्ज काढावं लागेल. रोजच्या रस्त्याचं तसं नाही, कारण त्यातलं बहुतेक पुसायचंच असतं. अपघात, वाद किंवा खड्डा नसेल तर आठवड्याने सगळं पुसावं आणि महिन्यातून फक्त एक मिनिट ठेवावं, त्याच जागेचं, त्याच दिशेचं. एक मिनिट म्हणजे पाऊण जीबी, वर्षाचे नऊ, दहा वर्षांचे नव्वद. नखाएवढ्या १२८ जीबीच्या कार्डात एका गावाची दहा वर्षं मावतात आणि वर घरच्या बारशालाही जागा उरते. या पद्धतीचा शोध माझा नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभराहून अधिक काळ रोज थोडं थोडं चित्रण करून तो उगवताना पडद्यावर दाखवला. ते पाहून पैसेवाल्याचा विश्वास बसला आणि पुढच्या वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’ आला. रोज वाटाण्याकडे पाहणाऱ्याला तो वाढताना दिसत नाही. एकाच जागेवरून टिपलेले तुकडे जोडले, की दिसतो. आमच्या गोखिवऱ्यातही तसंच काही उगवतं आहे, फक्त त्याला पार्किंगच्या दोन मजल्यांसकट परवानगी लागते.

तेव्हा एव्हरशाईन सिटीतल्या, वसंत नगरीतल्या आणि आसपासच्या समस्त हेल्मेटधारी बंधुभगिनींना माझी विनंती आहे. कॅमेरा गाडी सुरू करण्याआधी, पाय जमिनीवर असताना चालू करा. चालत्या गाडीवर त्याला हात लावू नका. त्यासाठी हेल्मेटला भोक पाडू नका, चिकटपट्टीचा माउंट पुरतो. स्थिरीकरण बंद ठेवा. तारीख-वेळ नीट लावून घ्या, नाहीतर सगळे खड्डे १ जानेवारीचे ठरतील. निवेदन करू नका. रस्ता स्वतःच पुरेसं बोलतो आणि ते कधीकधी छापण्याजोगं नसतं. दर महिन्याचं एक मिनिट जपा, बाकीचं पुसा. फाट्यावर पोचलात, की कॅमेरा बंद करा आणि पुढचा घाट, धुकं, धबधबा डोळ्यांनी पाहा. तिथे कॅमेरा लावलेले इतर चाळीसजण असतीलच. दहा वर्षांनी खारदुंग लाचं चित्रण हवं झालं तर कुणाकडेही मिळेल. रेंज ऑफिसच्या नाक्याचं हवं झालं, तर ते फक्त तुमच्याकडे असेल.